ग्रामपंचायतीपर्यंत फायबर, पण शाळेपर्यंत काय? दोन इमारती बिनतारी जोडणारा 'वायरलेस ब्रिज' समजून घ्या

बीड शहरातून सोलापूरच्या दिशेने निघालं की मांजरसुंब्याच्या घाटाआधी पाली लागतं. जवळच बिंदुसरा प्रकल्पाचं धरण आहे, आजूबाजूला बालाघाटच्या डोंगररांगा. महामार्गावर मोबाईलला चार कांड्या दिसतात, पण या भागातल्या कुठल्याही गावात रस्ता सोडून वस्तीच्या दिशेने आत गेलात, की टेकडीच्या आड त्या कमी होऊ लागतात.

आता हा प्रश्न फक्त रील लोड न होण्याचा राहिलेला नाही. ई-पीक पाहणी मोबाईलवर होते. अंगणवाडीची नोंद पोषण ट्रॅकरवर होते. उपकेंद्रात बसून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येतं, पण नेट असेल तर. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा ओटीपीची वाट बघत बसलेल्या बायका अख्ख्या राज्याने पाहिल्या.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या आसपास हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. म्हातारी माणसं आणि अनेक शाळकरी मुलं गावातच राहतात. या घरांसाठी व्हिडिओ कॉल लागणं ही चैन नसते.

दुसरीकडे, गावात इंटरनेट आलेलंच नाही असंही दरवेळी नसतं. अनेकदा ते एका इमारतीपर्यंत येऊन थांबलेलं असतं. तिथून पुढच्या एक-दोन किलोमीटरचं काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचं एक जुनं, स्वस्त आणि फारसं चर्चेत नसलेलं उत्तर म्हणजे वायरलेस ब्रिज.

तो नेमका काय असतो, कसा चालतो, कायद्यात बसतो का आणि महाराष्ट्रात असे प्रयोग झालेत का, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

गाडी नेमकी कुठे अडते?

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची केंद्र सरकारची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तेव्हा तिचं नाव होतं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क. पुढे तिचं 'भारतनेट' झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम 'महानेट' या नावाने झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले.

या योजनेच्या नावातच मेख आहे. ती प्रामुख्याने ग्रामपंचायतीला जोडते. आणि ग्रामपंचायत म्हणजे गाव नव्हे.

एका ग्रामपंचायतीत मूळ गावठाण असतं, तीन-चार वस्त्या असतात, कधी एखादा तांडा असतो. जिल्हा परिषदेची शाळा गावाच्या एका टोकाला, आरोग्य उपकेंद्र दुसऱ्या टोकाला. फायबर येते ती ग्रामपंचायत कार्यालयाच्या खोलीत. तिथून शाळेपर्यंत केबल न्यायची तर रस्ता खोदायचा, परवानग्या घ्यायच्या आणि पुढच्या वर्षी पाणीपुरवठ्याची पाइपलाइन टाकताना जेसीबीने ती तोडली, तर पुन्हा जोडायची.

म्हणून प्रश्न येतो: केबलशिवाय ही दोन टोकं जोडता येतील का?

आधी 'लोकल नेटवर्क' म्हणजे काय ते बघू

घरातल्या वायफाय राउटरला दोन मोबाईल, एक टीव्ही आणि एक लॅपटॉप जोडला, की तयार झालं लोकल नेटवर्क. यालाच लॅन म्हणतात. ही उपकरणं एकमेकांशी थेट बोलू शकतात. इंटरनेट बंद असलं तरी लॅपटॉपवरून त्याच घरातल्या प्रिंटरवर कागद छापता येतो, तो याच जोरावर.

आता समजा, ग्रामपंचायतीत असं एक नेटवर्क आहे आणि शाळेत दुसरं. ग्रामपंचायतीच्या नेटवर्कला इंटरनेट आहे. शाळेत संगणक आहेत, स्मार्ट टीव्ही आहे, पण इंटरनेट नाही. या दोन नेटवर्कमध्ये एक पूल बांधला, तर शाळेतले संगणक ग्रामपंचायतीच्याच नेटवर्कचा भाग होतात. जणू मधली दीड किलोमीटरची केबल आहे, फक्त ती दिसत नाही.

हा पूल म्हणजेच ब्रिज. तारेऐवजी रेडिओ लहरींनी बांधला, की झाला वायरलेस ब्रिज.

मग घरातलं वायफाय तिथपर्यंत का पोहोचत नाही?

तत्त्व तेच आहे. वायफाय वापरतं त्याच फ्रिक्वेन्सी, बहुतेक वेळा तेच तंत्रज्ञान. फरक आहे अँटेनाचा.

घरातला राउटर चारही दिशांना सिग्नल फेकतो, उघड्या बल्बसारखा. खोली उजळते, पण उजेड लांब जात नाही. ब्रिजसाठी वापरतात तो अँटेना बॅटरीसारखा असतो. सगळी ताकद एका दिशेने. असे दोन अँटेना दोन छतांवर समोरासमोर बसवले, की काही किलोमीटरचं अंतर सहज कापता येतं.

अंतराचा हिशेब मात्र कडक आहे. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं, की पोहोचणारा सिग्नल निम्मा न होता एक चतुर्थांश होतो. म्हणून दिशा अचूक लागते. अँटेना थोडासा फिरला, वाऱ्याने खांब हलला किंवा माकडाने लोंबकळून पाहिलं, तरी वेग कोसळू शकतो.

हेच तंत्र टोकाला नेलं तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. व्हेनेझुएलातले अभियंते एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वायफायच्या उपकरणांनी ३८२ किलोमीटरचा दुवा जोडून दाखवला होता. दोन्ही टोकं उंच डोंगरांवर होती आणि मध्ये काही आडवं येत नव्हतं, म्हणून ते जमलं.

'दिसतंय' म्हणजे नेमकं किती दिसायला हवं?

ब्रिजची पहिली अट अशी: एका छतावरून दुसरं छत दिसलं पाहिजे. मध्ये टेकडी, इमारत किंवा दाट झाड नको. पावसाळ्यात पालवलेला कडुलिंबही पाच गिगाहर्ट्‌झच्या सिग्नलला भिंतीसारखा वाटू शकतो.

पण नुसतं दिसणं पुरत नाही. रेडिओ लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. ती मध्यभागी फुगलेल्या लांबट फुग्यासारखी जागा व्यापते. याला फ्रेनेल झोन म्हणतात. हा फुगा मध्यभागी किती जाड असतो, ते अंतरावर आणि फ्रिक्वेन्सीवर ठरतं.

५.८ गिगाहर्ट्‌झवर एक किलोमीटरच्या दुव्यासाठी मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे ३.६ मीटर येते. पाच किलोमीटरसाठी ती सुमारे ८ मीटर होते. २.४ गिगाहर्ट्‌झ वापरलं तर त्याच पाच किलोमीटरला सुमारे १२.५ मीटर. यातला किमान ६० टक्के भाग मोकळा हवा, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

याचा गावातला अर्थ असा: पाच किलोमीटरवरची वस्ती दुर्बिणीतून स्वच्छ दिसत असेल, पण मधल्या शेताच्या बांधावरची झाडं नजरेच्या रेषेच्या दोन मीटर खालपर्यंत येत असतील, तरी दुवा रखडेल. उपाय एकच, दोन्ही टोकांना उंची वाढवणं. म्हणून पाण्याची टाकी, शाळेचा स्लॅब, देवळाजवळचा उंचवटा या जागांना एकदम किंमत येते.

पाली परिसरात टेकड्या आहेत. टेकडी आडवी आली तर शत्रू, पण तिच्या माथ्यावर एक मधलं ठाणं उभं करता आलं तर मित्र. एका बाजूने सिग्नल घ्यायचा, दुसऱ्या बाजूने पुढे पाठवायचा. मात्र घेणं आणि देणं ही दोन्ही कामं एकाच रेडिओवर सोपवली, तर वेग जवळपास निम्मा होतो. त्यासाठी दोन स्वतंत्र रेडिओ लागतात. आणि टेकडीवर वीज कुठून आणायची, हा प्रश्न आलाच.

वेग किती मिळतो?

इथे बहुतेकांची फसगत होते. खोक्यावर ३०० एमबीपीएस लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा वेग मिळाला तरी दुवा चांगला समजायचा, कारण वायफायचा रेडिओ एका वेळी एकतर बोलतो किंवा ऐकतो, दोन्ही एकदम नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ब्रिज इंटरनेट तयार करत नाही, तो फक्त पुढे नेतो. ग्रामपंचायतीच्या जोडणीला २० एमबीपीएस मिळत असतील, तर तेच २० शाळा, अंगणवाडी आणि उपकेंद्रात वाटले जाणार. विहिरीला पाणी नसेल, तर पाइपलाइन कितीही चांगली टाकून उपयोग नाही.

दोन नेटवर्क जोडली आणि सगळंच बंद पडलं, असं का होतं?

छतावरचं काम संपलं, दोन्ही रेडिओंचे हिरवे दिवे लागले, तरी अनेकदा नेट चालत नाही. उलट, आधी चालत होतं तेही बंद पडतं. याची तीन कारणं नेहमीची आहेत.

पहिलं, पत्त्यांचा घोळ. प्रत्येक नेटवर्कमधल्या उपकरणाला एक आयपी पत्ता असतो. बाजारातले बहुतेक राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता घेऊन येतात. ग्रामपंचायतीचा राउटर १९२.१६८.१.१ आणि शाळेचाही तोच. वेगळे होते तोवर भांडण नव्हतं. दोन वाड्यांत प्रत्येकी एक 'घर नंबर १' असावं आणि एक दिवस दोन्ही वाडे एकाच पोस्टमनकडे यावेत, तसं होतं. पत्र कुठल्या दारात टाकायचं?

दुसरं, पत्ते वाटणारे दोन कारभारी. नवा मोबाईल नेटवर्कमध्ये आला, की राउटर त्याला पत्ता देतो. या सेवेला डीएचसीपी म्हणतात. ब्रिज झाल्यावर दोन्ही राउटर एकाच नेटवर्कमध्ये बसतात आणि दोघेही पत्ते वाटू लागतात. शाळेतल्या संगणकाने शाळेच्या राउटरचं ऐकलं, तर त्याला इंटरनेटची वाट सापडत नाही, कारण ती ग्रामपंचायतीच्या राउटरकडे आहे. म्हणून एकाचं वाटप बंद करावं लागतं.

तिसरं, वर्तुळ. एखाद्याने 'जास्त वेग मिळेल' म्हणून त्याच दोन इमारतींत दुसरी वाटही जोडून ठेवली, तर काही प्रकारचे संदेश त्या वर्तुळात फिरतच राहतात आणि काही क्षणांत दोन्ही नेटवर्क गुदमरतात. हे टाळणारी सोय चांगल्या उपकरणांत असते, पण ती चालू आहे का ते पाहावं लागतं.

मग ब्रिज करायचा की राउटर वापरायचा?

दोन-तीन इमारती, मोजके संगणक आणि सगळे एकाच संस्थेचे असतील, तर ब्रिज सोपा. शाळेच्या दोन इमारती जोडायच्या असतील, एका इमारतीतला सीसीटीव्ही दुसऱ्या इमारतीत पाहायचा असेल, तर हेच करावं.

पण वापरणारे वेगवेगळे असतील तर विचार बदलतो. ब्रिज केल्यावर दोन्ही बाजूंची उपकरणं एकाच घरात आल्यासारखी होतात. म्हणजे शाळेतल्या संगणकात शिरलेल्या व्हायरसला ग्रामपंचायतीच्या संगणकापर्यंत मोकळी वाट मिळते. त्या संगणकावर दाखले असतात, लाभार्थ्यांच्या याद्या असतात, आधारची माहिती हाताळली जाते. उपकेंद्रात रुग्णांची माहिती असते.

अशा वेळी मधल्या बिनतारी दुव्यावर राउटर बसवून दोन्ही नेटवर्क वेगळी ठेवता येतात. दोघांना इंटरनेट मिळतं, पण एकमेकांच्या घरात डोकावता येत नाही. एकाच दुव्यातून वेगवेगळे आभासी कप्पे करण्याचीही सोय असते, तिला व्हीलॅन म्हणतात. आणि काहीही निवडलं तरी दुव्याला मजबूत पासवर्ड हवा. 'admin'चं स्पेलिंग हाच पासवर्ड ठेवलेला रेडिओ म्हणजे ग्रामपंचायतीची कडी न लावलेली खोली.

यासाठी परवाना लागतो का?

२.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने पाच गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातली ६०५ मेगाहर्ट्‌झ जागा परवानामुक्त केली. त्यामुळे घराबाहेरच्या वायफाय दुव्यांना मोठी मोकळीक मिळाली.

पण मोकळीक म्हणजे मनमानी नाही. किती ताकदीने सिग्नल सोडायचा, याला मर्यादा आहे. ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अँटेनासह ही मर्यादा ४ वॉट इतकी येते. उपकरणाला भारतात मान्यता असावी लागते. आणि शेजाऱ्याच्या रेडिओमुळे तुमच्या दुव्यात अडथळा आला, तर तक्रार करून संरक्षण मागता येत नाही. सार्वजनिक रस्ता सगळ्यांचा असतो, गर्दी झाली तर सोसायची.

दुसरा मुद्दा इंटरनेट विकण्याचा. स्वतःच्या दोन इमारती जोडणं वेगळं आणि गावाला पैसे घेऊन जोडण्या देणं वेगळं. इंटरनेट सेवा विकायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. याला एक अधिकृत पळवाट नव्हे, तर दरवाजाच आहे: पीएम-वाणी. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावालाही परवाना न घेता सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकतो. ग्राहकांची नोंद आणि हिशेब नोंदणीकृत मध्यस्थ कंपनी सांभाळते.

महाराष्ट्रात असं कुणी केलंय का?

सगळ्यात जवळचं उदाहरण पालघर जिल्ह्यातलं आहे. आयआयटी मुंबईतल्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने 'ग्राममार्ग' या प्रकल्पात तिथल्या खामलोली परिसरातल्या गावांत बिनतारी नेटवर्क उभं केलं. सुरुवातीचा प्रयोग होता टीव्हीच्या रिकाम्या फ्रिक्वेन्सींचा. ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा टीव्ही प्रक्षेपणासाठी राखलेला, पण भारतात जमिनीवरून प्रक्षेपण करतं ते फक्त दूरदर्शन. त्यामुळे बहुतेक जागा रिकामी. या गटाच्या २०१४ च्या अभ्यासानुसार देशात जवळपास सगळीकडे १५ पैकी किमान १२ चॅनेल वापराविना होते.

या लांब लहरींचा फायदा असा, की झाडांमधून आणि चढउतारांतून त्या पाच गिगाहर्ट्‌झपेक्षा चांगल्या जातात. अडचण अशी, की हा पट्टा परवानामुक्त नाही, प्रयोगासाठीही विशेष परवाना लागतो. पुढच्या टप्प्यात या गटाने परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्‌झ वापरून पालघरमधली २५ गावं जोडली. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत 'ग्राममार्ग'ला पहिलं पारितोषिक मिळालं. करंदीकर पुढे आयआयटी कानपूरचे संचालक आणि नंतर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले.

यातला तंत्रज्ञानाइतकाच महत्त्वाचा भाग होता कारभाराचा. सरकार, खासगी उद्योजक आणि पंचायत अशी भागीदारी या गटाने सुचवली. गावातलाच एखादा तरुण नेटवर्क सांभाळेल आणि त्यातून त्याला उत्पन्न मिळेल, अशी कल्पना होती.

त्याआधीचं उदाहरण वारणानगरचं. १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात वारणा साखर कारखान्याच्या परिसरातली ७० गावं संगणकांनी जोडण्याचं काम सुरू झालं. शेतकऱ्याला उसाचं वजन, बिल आणि खतांची माहिती गावातच मिळावी, हा हेतू होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांना दिसलं, की संगणक मुख्यतः ऊसाच्या हिशेबासाठीच वापरले जात होते. तेवढं काम मोबाईलच्या एसएमएसवरही होतं, हे त्यांनी काही गावांत करून दाखवलं. वारणेचा धडा साधा आहे: गावाला नेट कशासाठी हवंय, हे आधी ठरवा.

आणि तिसरं उदाहरण सोशल मीडियावर असणाऱ्यांना आठवत असेल. मेळघाटातलं हरिसाल. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'डिजिटल गाव' म्हणून ते पुढे आणलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत याच गावाची चित्रफीत दाखवली आणि दाव्यांवर प्रश्न उभे केले. भाजपने ते आरोप फेटाळले. दोन्ही बाजूंचे व्हिडिओ भरपूर फिरले. पण उद्घाटनाच्या फोटोनंतर पाच वर्षांनी नेट चालतं का आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करतं, हा गावांसाठी कामाचा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

मग हे प्रयोग बंद का पडतात?

याचं उत्तर तमिळनाडूतल्या थेनीत सापडतं. तिथल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या गटासोबत गावांतली दृष्टी केंद्रं लांब पल्ल्याच्या वायफायने रुग्णालयाशी जोडली. गावात प्रशिक्षित कर्मचारी डोळे तपासायची आणि शहरातले डॉक्टर व्हिडिओवरून रुग्णाशी बोलायचे. रुग्णाचा प्रवास, त्या दिवसाची मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी वाचायची.

हे नेटवर्क चालवताना अभ्यासकांना वाटलं त्यापेक्षा वेगळीच अडचण दिसली. रेडिओपेक्षा जास्त त्रास विजेचा होता. दाब वरखाली होऊन उपकरणं आणि त्यांचे अडॅप्टर जळायचे, मेमरी कार्ड खराब व्हायची. वीज जायची तेव्हा दुवा तुटायचा आणि तो का तुटला, हे शहरात बसलेल्या अभियंत्याला कळायचं नाही. गावात कुणाला विचारावं, तर दिवा कुठला बघायचा तेही माहीत नसायचं.

मराठवाड्यात यात विजांची भर पडते. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचा पाऊस येतो तेव्हा उंच छतावरचा लोखंडी खांब हा विजेला आयताच रस्ता असतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने वीज पडण्याची सूचना देणारं 'दामिनी' ॲप काढलं, ते याच धोक्यामुळे. छतावरच्या रेडिओसाठी चांगलं अर्थिंग, केबलवर सर्ज प्रोटेक्टर आणि खाली छोटी बॅटरी या तीन गोष्टी नसतील, तर पहिल्या पावसातच हिशेब चुकतो. आणि अंदाजपत्रकात नेमक्या याच तीन गोष्टींवर काट मारली जाते.

स्टारलिंक आणि ५जी आल्यावर याची गरज उरेल का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि बीडचा शेजारी धाराशिव हे जिल्हे त्यात सुरुवातीला आहेत. मोबाईल कंपन्याही ५जी सिग्नलवर घरातलं वायफाय देत आहेत.

पण उपग्रहाची डिश एका छतावर उतरते. गावातल्या प्रत्येक अंगणवाडीवर वेगळी डिश आणि प्रत्येकीचं वेगळं मासिक बिल, हे पंचायतीच्या खिशाला परवडणारं नाही. नेट आकाशातून येवो की जमिनीखालून, ते एका जागी येतं आणि तिथून वाटावं लागतं. हे वाटपाचं काम बिनतारी दुवा काही हजार रुपयांच्या उपकरणांत करू शकतो. जिथे टॉवरचा सिग्नल प्रत्येक इमारतीत भक्कम आहे, तिथे मात्र ब्रिजच्या फंदात पडायची गरज नाही.

पालीसारख्या गावाने आधी काय विचारावं?

उद्या ग्रामसभेत 'बिनतारी नेट' हा विषय आला, तर हे सहा प्रश्न विचारण्यासारखे आहेत:

• ग्रामपंचायतीतली जोडणी महिन्यातले किती दिवस चालते आणि प्रत्यक्ष वेग किती मिळतो? आधी हे मोजा.

• कुठल्या दोन छतांमध्ये मोकळी नजर आहे? उन्हाळ्यात बघू नका, पावसाळ्यात झाडं भरल्यावर बघा.

• नेट आधी कुणाला? उपकेंद्र, शाळा, अंगणवाडी की सगळ्यांना थोडं थोडं?

• ग्रामपंचायतीचा संगणक बाकीच्या नेटवर्कपासून वेगळा ठेवला आहे का?

• बॅटरी, अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर अंदाजपत्रकात आहेत का?

• बंद पडलं तर छतावर कोण चढणार, त्याला पैसे कोण देणार आणि पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात आहे की दप्तरातही?

शेवटचा प्रश्न सगळ्यात साधा वाटतो आणि बहुतेक नेटवर्क त्यावरच अडतात. सरपंच बदलतो, ग्रामसेवकाची बदली होते, उपकरणं बसवणारा ठेकेदार फोन उचलत नाही. रेडिओ धडधाकट असतो, फक्त त्यात शिरायचं कसं, हे कुणालाच माहीत नसतं.

पालघर, वारणा आणि थेनी या तिन्ही ठिकाणांहून हेच दिसतं, की दोन नेटवर्क हवेतून जोडणं आता अवघड राहिलेलं नाही. वीस वर्षांपूर्वी त्यासाठी संशोधक लागायचे, आज आयटीआय झालेला गावातला मुलगा ते एका दिवसात करू शकतो. तो एक दिवस उद्घाटनाचा असतो. खरी परीक्षा त्यानंतरच्या जूनमध्ये होते, जेव्हा वळवाच्या पावसात नेट जातं, उपकेंद्रात डॉक्टरांच्या व्हिडिओ कॉलसाठी कुणीतरी ताटकळत बसलेलं असतं आणि छतावर चढायला कुणी आहे का, हे त्या दिवशी कळतं.